ईमॅक्समध्ये फाइलपुरती आणि फोल्डरपुरती सेटिंग लिहिताना या चुका टाळा

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात मी एका जिनिंगच्या आवक-नोंदी आणि काटापट्ट्यांचे काम सांभाळतो आणि त्यासाठी गावातल्याच मुलामुलींना ईमॅक्स हा मजकूर लिहिण्या-संपादण्याचा प्रोग्रॅम शिकवतो. दसऱ्यानंतर कापूस येऊ लागला की दर वर्षी नवी मुले येतात आणि दर वर्षी त्याच चुका होतात. त्यांतील बहुतेक चुका एखादी सेटिंग सगळीकडे न लावता एकाच फाइलला किंवा एकाच फोल्डरला लावण्याच्या सोयीबद्दल असतात. ही सोय फार उपयोगाची आहे, पण तिचा नियम मोडला तर ती तक्रार करत नाही, मुकाट्याने बंद पडते, आणि म्हणूनच तिचे नियम आधी वाचावेत असा माझा आग्रह असतो.

फाइलपुरती सेटिंग दोन ठिकाणी लिहिता येते. एक म्हणजे पहिली ओळ, जिथे ‘-*-’ या दोन खुणांच्या मधे व्हेरिएबलचे (म्हणजे सेटिंगचे) नाव, अपूर्णविराम आणि किंमत लिहितात; पहिली ओळ ‘#!’ ने सुरू होत असेल तर हीच सोय दुसऱ्या ओळीत मिळते. दुसरे ठिकाण म्हणजे फाइलच्या शेवटचा गट, जो ‘लोकल व्हेरिएबल्स:’ या शब्दांनी सुरू होतो आणि ‘एंड:’ ने संपतो (फाइलमध्ये हे शब्द अर्थातच रोमन लिपीत लिहावे लागतात). आता ‘शेवटचा’ म्हणजे नेमका कुठला, हे न समजल्यामुळे आमची एक अख्खी सकाळ गेली.

आमच्या आवकेच्या फाइलमध्ये तारीख, शेतकऱ्याचे नाव, गाव आणि क्विंटल हे रकाने टॅबने वेगळे केलेले असतात. एरवी आमच्याकडे टॅब दाबला की जागा सोडल्या जातात, त्यामुळे या एका फाइलमध्ये खरा टॅब पडावा म्हणून ‘इंडेंट-टॅब्ज-मोड’ चालू करणारा गट मी फाइलच्या शेवटी लिहून ठेवला होता. नव्या मुलाने नव्या नोंदी त्या गटाच्या खाली लिहायला सुरुवात केली, कारण नोंद शेवटी करायची एवढेच त्याला माहीत होते. काही दिवस सगळे ठीक चालले. ईमॅक्स हा गट फाइलच्या अखेरच्या ३००० अक्षरांतच शोधतो. आमची एक नोंद साधारण ६० अक्षरांची असते, म्हणजे पन्नासेक नोंदी होईपर्यंत गट त्या हद्दीत राहिला आणि मग बाहेर गेला. तरीही त्या दिवशी काही बिघडले नाही, कारण हा गट फाइल उघडताना वाचला जातो आणि आमची फाइल उघडीच होती. संध्याकाळी लाइट गेली, संगणक बंद पडला, रात्री मुलाने फाइल पुन्हा उघडली आणि तेव्हापासून प्रत्येक नोंदीत टॅबऐवजी जागा पडत गेल्या.

सकाळी फाटकाबाहेर पंधरा-वीस गाड्या उभ्या होत्या आणि काटापट्टीवर वजनाचा रकाना कोरा येत होता, कारण पट्टी छापणारी आमची स्क्रिप्ट टॅब पाहून रकाने तोडते आणि तिला गाव आणि वजन एकच मजकूर दिसत होते. डोळ्यांना टॅब आणि जागा सारख्याच दिसतात. मी आधी स्क्रिप्ट तपासली, मग प्रिंटर तपासला, आणि शेवटी टॅब व जागा वेगळ्या खुणांनी दाखवणारा ‘व्हाइटस्पेस-मोड’ लावल्यावर रात्रीच्या नोंदी वेगळ्या दिसल्या. ज्यांचा कापूस गाडीत होता ते शेतकरी तोवर दोन तास उन्हात उभे होते.

तेव्हापासून जी फाइल खालच्या बाजूने वाढते तिची सेटिंग मी पहिल्याच ओळीत लिहितो. ती हातानेही लिहीत नाही, ‘ॲड-फाइल-लोकल-व्हेरिएबल-प्रॉप-लाइन’ ही आज्ञा वापरतो. मराठी फाइल असेल तर ३००० ची हद्द वाटते त्यापेक्षा लवकर येते, हेही सांगून ठेवतो: ‘शेतकरी’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, पण मात्रा आणि वेलांटी स्वतंत्र मोजल्या जात असल्याने ईमॅक्सच्या हिशेबात तो सहा अक्षरांचा आहे. फाइलमध्ये पान तोडण्याचे चिन्ह असेल तर गट शेवटच्या पानावर असावा लागतो. गटाच्या प्रत्येक ओळीची सुरुवात सारखीच हवी. पहिल्या ओळीला ‘#’ असेल तर सगळ्यांना हवे.

‘लेक्सिकल-बाइंडिंग’ (ईमॅक्सच्या लिस्प भाषेतल्या कोडसाठीची सेटिंग) फक्त पहिल्या ओळीत चालते, शेवटच्या गटात त्याचा काहीही परिणाम होत नाही.

दुसरी चूक मला याहून गंभीर वाटते. अनोळखी फाइल उघडली आणि तिच्यातली एखादी किंमत सुरक्षित आहे याची खात्री नसली, तर ईमॅक्स थांबून विचारतो. संशयास्पद किंमतीपुढे एक तारा असतो, धोकादायक व्हेरिएबलपुढे दोन. वाय म्हणजे लावा, एन म्हणजे लावू नका आणि उद्गारचिन्ह म्हणजे लावा आणि ही किंमत कायमची सुरक्षित समजा. एका मुलाच्या संगणकावर अशा कायमच्या मंजुऱ्यांची रांग पाहून मी विचारले, तर तो म्हणाला, “भाऊ, ते सारखं काही तरी विचारून राहिलं, मी हो करून टाकलं.” कोऱ्या कागदावर अंगठा उठवण्यासारखेच हे आहे. ईमॅक्स ज्यांबद्दल विचारतो त्यांत ‘इव्हॅल’ असू शकते, म्हणजे फाइल उघडताच चालणारी आज्ञा. ईमॅक्सच्या २३.२ ते २४.१ या आवृत्त्यांमध्ये ‘इनेबल-लोकल-व्हेरिएबल्स’ची (फाइलमधल्या सेटिंग विचारून लावायच्या की न विचारता, हे ठरवणाऱ्या व्हेरिएबलची) किंमत ‘:सेफ’ असताना अशी ‘इव्हॅल’ न विचारताच चालत असे. ही त्रुटी २०१२ मध्ये उघड झाली. २०१९ मध्ये व्हिम या दुसऱ्या संपादकाच्या मोडलाइनमध्येही (फाइलपुरत्या सेटिंगच्या ओळीतही) फाइल उघडताच आज्ञा चालवता येईल अशी त्रुटी सापडली आणि ती ८.१.१३६५ या आवृत्तीत दुरुस्त झाली. प्रश्न टाळण्यासाठी ‘:ऑल’ (सगळ्या किंमती न विचारता लावा) ठेवण्याचा सल्ला देणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. प्रश्न वाचायला दहा सेकंद लागतात. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी ‘:सेफ’ ठेवावे, म्हणजे न विचारता फक्त सुरक्षित किंमती लागतील.

फोल्डरपुरती सेटिंग २००९ च्या २३.१ या आवृत्तीपासून आहे. ती ‘.डिर-लोकल्स.ईएल’ या फाइलमध्ये लिहितात आणि ती आतल्या सगळ्या फोल्डरांना लागते. इथे नवे लोक असे धरून चालतात की आतल्या फोल्डरमध्ये आणखी एक अशी फाइल ठेवली की दोन्हींची बेरीज होईल. तसे होत नाही. ईमॅक्स उघडलेल्या फाइलपासून वर वर जातो आणि पहिली ‘.डिर-लोकल्स.ईएल’ सापडताच थांबतो. एका मुलीने चालू हंगामाच्या फोल्डरमध्ये एका ओळीची फाइल ठेवली आणि वरच्या सगळ्या सेटिंग त्या फोल्डरपुरत्या नाहीशा झाल्या. मी वरच्या एकाच फाइलमध्ये आतल्या फोल्डरचे नाव अवतरणचिन्हांत देऊन त्याखाली वेगळी सेटिंग लिहितो. स्वतःच्या आवडीनिवडी त्याच फोल्डरमध्ये ‘.डिर-लोकल्स-२.ईएल’मध्ये ठेवाव्यात (नावातला आकडा इंग्रजी 2) आणि ती फाइल गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक साठ्यात, टाकू नये. ही सोय २६ व्या आवृत्तीपासून आहे.

या फाइलमधील किंमती चालवल्या जात नाहीत, जशा लिहिल्या तशा घेतल्या जातात. म्हणून यादीआधी एकेरी अवतरणचिन्ह देऊ नये आणि ‘सेटक्यू’ (लिस्पमध्ये किंमत ठेवण्याची आज्ञा) तर मुळीच लिहू नये.

दुसऱ्या संगणकावरची फाइल ट्रॅम्पने (त्यासाठीच्या ईमॅक्सच्या सोयीने) उघडली तर फोल्डरपुरती सेटिंग मुळातच लागत नाही. ‘इनेबल-रिमोट-डिर-लोकल्स’ चालू करावे लागते.

मोडच्या हुकमध्ये (मोड लागताना आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) अशी फाइलपुरती किंवा फोल्डरपुरती किंमत वाचायला जाऊ नका, कारण हुक आधी चालतो आणि स्थानिक किंमती नंतर लागतात. त्यासाठी ‘हॅक-लोकल-व्हेरिएबल्स-हुक’ आहे.

सेटिंग लिहून झाली की फाइल नुसती सेव्ह करून ती लागल्याची वाट पाहत बसू नये. ‘नॉर्मल-मोड’ ही आज्ञा द्यावी किंवा फाइल बंद करून पुन्हा उघडावी आणि मग कंट्रोल-एच व व्ही दाबून व्हेरिएबलचे नाव द्यावे. आत्ताची किंमत तिथे दिसते, आणि ती फोल्डरवरून आली असेल तर कोणत्या फाइलने ती ठरवली हेही त्याच पानावर लिहिलेले असते.