पट, हजेरी आणि डॉक्टरची चिठ्ठी: कॅलिफोर्नियातील शाळेच्या कचेरीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

एच-4 व्हिसावरचा (म्हणजे नोकरीसाठी अमेरिकेत आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावरचा) कामाचा परवाना हाती आल्यावर मी ज्या पहिल्या नोकरीसाठी अर्ज केला, ती एका प्राथमिक शाळेतील अटेंडन्स क्लार्कची, म्हणजे हजेरीच्या नोंदी ठेवणाऱ्या कारकुनाची होती. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. त्यामुळे 30 सप्टेंबरचा पट, त्यावरून होणारी संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, आणि पट घसरला की अतिरिक्त ठरण्याची धास्ती हे सारे मी लहानपणापासून ऐकत आले होते. मुलांच्या संख्येवर शाळेचे पोट चालते, हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती, आणि नेमक्या याच आत्मविश्वासाने माझा घात केला.

कॅलिफोर्नियात शाळा डिस्ट्रिक्टला, म्हणजे एका भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, मिळणारा राज्याचा मुख्य निधी 2013-14पासून एलसीएफएफ या सूत्राने ठरतो. त्यातील मूळ रक्कम पटावर नव्हे, तर सरासरी दैनिक हजेरीवर, म्हणजे एडीएवर मोजली जाते. मुलांनी हजर राहिलेल्या एकूण दिवसांना शाळा भरलेल्या दिवसांनी भागायचे, एवढेच ते गणित आहे. निधीसाठी मुख्यतः धरला जातो तो पी-टू हा अहवाल, आणि त्यात 15 एप्रिलपर्यंत संपणाऱ्या शेवटच्या शालेय महिन्यापर्यंतची हजेरी येते. त्यामुळे मे महिन्यात हजेरी वाढवण्यासाठी पिझ्झा पार्टी ठेवणाऱ्या मुख्याध्यापकांचे मला कौतुक वाटते, पण हिशेबापुरते बोलायचे तर ती पार्टी उशिराची असते.

आता मी ज्या खड्ड्यात पडले, त्याबद्दल सविस्तर लिहिते. पहिले वर्षभर मी रोज सकाळी साडेआठपासून पालकांना फोन करून डॉक्टरच्या चिठ्ठ्या मागत असे. चिठ्ठी आली की संगणकावरचा विनाकारण गैरहजेरीचा संकेत खोडून तेथे सकारण गैरहजेरीचा संकेत टाकायचा, चिठ्ठीला तारखेचा शिक्का मारायचा आणि ती फायलीत लावायची. त्या वर्षी मी अशा तीन जाड फायली भरल्या आणि प्रत्येक चिठ्ठीमागे शाळेचा एका दिवसाचा निधी वाचवला, असे मनोमन समजत राहिले. एप्रिलमध्ये डिस्ट्रिक्टच्या हिशेब विभागातील बाईंसमोर त्या फायली अभिमानाने ठेवल्या, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “यातून एक सेंटही येत नाही.” सकारण गैरहजेरी हजेरीत धरण्याची जुनी पद्धत 1998-99पासून बंद झालेली आहे. मुलाला ताप असो, त्याच्या घरी अंत्यविधी असो किंवा ते नुसतेच झोपून राहिलेले असो, निधीच्या दृष्टीने ते गैरहजरच असते. चिठ्ठीमुळे ते मूल कायद्याने ट्रूअंट, म्हणजे विनाकारण शाळा बुडवणारे, ठरण्यापासून वाचते, आणि ते महत्त्वाचे आहेच; निधीशी मात्र तिचा संबंध नाही.

हे अजूनही पटत नसेल, तर एक काल्पनिक उदाहरण घ्या. पी-टूपर्यंत शाळा 130 दिवस भरली आणि 500 मुलांपैकी प्रत्येकाचे 13 दिवस बुडाले, तर पट 500च राहतो, पण एडीए 450 होतो. 2024-25मध्ये तिसरीपर्यंतच्या वर्गांचा मूळ दर प्रत्येक एडीएमागे 10 हजार डॉलरच्या किंचित वर होता. म्हणजे बुडालेल्या 50 एडीएची किंमत पाच लाख डॉलरहून अधिक होते, मग त्या साऱ्या दिवसांच्या चिठ्ठ्या फायलीत असल्या तरी.

पटाला काहीच महत्त्व नाही, असा अर्थ मात्र काढू नका. ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी, म्हणजे सेन्सस डेला, कॅलपॅड्स या राज्याच्या विद्यार्थी-नोंद प्रणालीत नोंदलेल्या पटावरून अल्प उत्पन्नाच्या घरांतील, इंग्रजी शिकणाऱ्या आणि फॉस्टर केअरमधील, म्हणजे सरकारी देखरेखीखाली पालक-कुटुंबात राहणाऱ्या, मुलांचे प्रमाण ठरते, आणि त्यावर पुरवणी निधी मिळतो. एक मूल तिन्ही गटांत बसले तरी ते एकदाच मोजले जाते. 2022-23पासून सर्व मुलांना शाळेत मोफत जेवण मिळू लागल्यामुळे पालकांना उत्पन्नाचा फॉर्म भरण्याचे कारणच उरलेले नाही. तो भरून घेणे हे आपले काम आहे, आणि ते कंटाळवाणे असल्यामुळेच सर्वत्र मागे पडते.

घाबरून जाऊ नका, कारण एका वाईट वर्षाने डिस्ट्रिक्ट बुडत नाही. चालू वर्षाचा, मागील वर्षाचा किंवा मागील तीन वर्षांच्या सरासरीचा, यांपैकी जो एडीए सर्वांत जास्त असेल तो डिस्ट्रिक्टसाठी धरला जातो. पालो आल्टोसारख्या ज्या डिस्ट्रिक्टचा स्थानिक मालमत्ता करच सूत्राच्या रकमेहून जास्त आहे, तेथे तर हजेरी घटली म्हणून मूळ निधी फारसा हलत नाही. पण मुलेच कमी होत गेली तर ही उशी किती दिवस पुरणार? क्युपर्टिनोच्या प्राथमिक शाळांच्या डिस्ट्रिक्टलाही पट घसरत गेल्यावर 2022मध्ये शाळा बंद कराव्या लागल्या.

आपल्या मंडळींचा एक खास प्रश्न असतो, तो डिसेंबरात लग्नासाठी तीन आठवडे भारतात जाण्याचा. कुटुंबाने निघण्यापूर्वी सांगितले, तर इंडिपेंडंट स्टडीचा, म्हणजे शाळेबाहेर राहून नेमून दिलेला अभ्यास करण्याचा, लेखी करार करता येतो, आणि ते काम किती दिवसांचे हे शिक्षकांनी तपासून ठरवले की तेवढे दिवस हजेरीत धरले जातात. मात्र सही किंवा कामाचे नमुने नसतील, तर ऑडिटमध्ये ते दिवस बाद होतात. सह्यांच्या मुदतीचे नियम अलीकडे अनेकदा बदलले आहेत, म्हणून शेजारच्या शाळेतील अनुभवी ताईंनी दिलेला संकेतांचा तक्ता भिंतीवर चिकटवून त्यावर विसंबू नका, तर चालू वर्षाचे राज्याचे ऑडिट गाइड स्वतः वाचा. मला शिकवणाऱ्या ताई अत्यंत प्रेमळ होत्या आणि चिठ्ठ्यांचा नाद मला त्यांनीच लावला. प्रेमळ गुरूपेक्षा हिशेब विभागातील तुसडा माणूस बरा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

एक कडक इशाराही देते. बदली शिक्षकाने हजेरी नोंदवली नाही, तर अनेक प्रणाल्यांत संपूर्ण वर्ग आपोआप हजर दिसतो. ते तसेच राहू देण्याचा मोह होतो, पण तसे करणे म्हणजे खोटी नोंद ठेवणे होय, आणि ऑडिटमध्ये सापडल्यास पैसे परत द्यावे लागतात. त्याच दिवशी, ते शिक्षक गाडीत बसण्यापूर्वी, त्यांना गाठून कागदावर सही घ्या.

चिठ्ठ्यांच्या फायली मी आजही ठेवते, पण फोनवरचा माझा प्रश्न बदललेला आहे. नेहमीच्या वर्गात मूल दिवसाच्या कोणत्याही भागात हजर राहिले, तरी त्याचा तो दिवस निधीसाठी पूर्ण धरला जातो. त्यामुळे दाताच्या डॉक्टरकडे निघालेल्या आईला मी चिठ्ठी मागण्याआधी विचारते, “तिथून किती वाजता सुटाल? अकराला आणलंत तरी चालेल, जेवणाच्या सुट्टीआधी ती वर्गात बसेल.”