मृदसंधारणाचे चित्र: थराऐवजी ट्रॉल्या दाखवा

मृदसंधारणाच्या फलकावर ‘हेक्टरी इतके टन माती वाहून जाते’ असे लिहिले, तर ते वाचले जाते, पण डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. त्याऐवजी हिशेब चित्रात मांडावा. एक हेक्टर शेतातून केवळ 1 मिलिमीटर जाडीचा थर गेला, तरी 10 घनमीटर, म्हणजे सुमारे साडेतीन ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) माती जाते. म्हणून फलकावर उताराचे शेत काढून त्याच्या खालच्या बांधाशी मातीने भरलेल्या, प्रत्येकी एक ब्रासच्या तीन ट्रॉल्या आणि चौथी अर्धी भरलेली दाखवावी. ब्रासचे माप गावात घर बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, त्यामुळे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

शेजारी तेच शेत उताराला आडवी पेरणी आणि बांधबंदिस्ती केलेले काढावे, मात्र दोन्ही चित्रांत झाड, विहीर आणि उतार अगदी तसाच ठेवावा, म्हणजे नजर फक्त बदलावर जाते. पाण्याची दिशा बाणांनी दाखवावी. मजकूर चार-पाच शब्दांपुरताच असावा, आणि शक्य असेल तर चित्रातला डोंगर व ओढा त्याच गावच्या शिवारातला असावा.