लांब पल्ल्यासाठी कमी बजेटात रोड बाईक: आधी माप, मग गिअर

दुकानात शिरल्या शिरल्या बहुतेक जण विचारतात, "गिअर किती आहेत?" त्याआधी विचारायला हवं, "ही फ्रेम माझ्या मापाची आहे का?" गिअर, टायर, सीट, ब्रेक पॅड पुढे कधीही बदलता येतात. फ्रेम बदलायची म्हणजे सायकलच बदलायची.

बजेट ठरवताना सगळे पैसे सायकलवर संपवू नका. पंधरा टक्के बाजूला ठेवा: हेल्मेट, पंप, दोन जास्तीच्या ट्यूब, टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), पुढचा-मागचा दिवा, पॅडची शॉर्ट, दोन बाटल्या. नागपूरच्या उन्हात एका बाटलीवर लांब जाणं धोक्याचं आहे, त्यामुळे फ्रेमवर बाटलीचे दोन स्टँड बसतात का तेही बघून घ्या.

आता माप. फसगत होते ती इथेच.

अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभे राहा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये, सीटवर बसल्यासारखा दाब येईल इतकं वर घ्या आणि त्याची वरची कडा भिंतीवर खुणेनं नोंदवा. जमिनीपासून खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमचा इनसीम. तीनदा मोजा, कारण पुस्तक थोडं तिरकं झालं तरी सेंटिमीटरभर फरक पडतो. या आकड्याला ०.८८३ ने गुणलं की क्रँक (पॅडलचे दांडे) ज्या आसावर फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. इनसीम ७८ सेंमी असेल तर सीट साधारण ६८.९ सेंमीवर. सुरुवात इथून करा, पुढे थोडं वर-खाली होईल.

पण सीटची उंची जमली म्हणजे माप जमलं असं नाही. दुकानदार म्हणतो, "थोडी मोठी आहे, सीट खाली करून चालून जाईल." चालत नाही. सीट खाली केल्यानं पाय जुळतात, हँडल मात्र तितकंच लांब राहतं. मग माणूस सीटच्या टोकाकडे सरकत राहतो, कोपर ताठ होतात, हादरे थेट खांद्यात जातात आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. पंधरा मिनिटांच्या ट्रायलमध्ये यातलं काही कळत नाही. साठ-सत्तर किलोमीटरनंतर कळतं, तेव्हा बिल झालेलं असतं.

म्हणून एम, एल किंवा ५४ या साईजच्या शिक्क्यांवर विसंबू नका. प्रत्येक कंपनीचा एम वेगळा असतो. कंपनीच्या साईटवरच्या जॉमेट्री (फ्रेमच्या मापांच्या) तक्त्यातले दोन आकडे बघा. बॉटम ब्रॅकेटपासून (क्रँकचा आस बसतो ती जागा) हेड ट्यूबच्या (फ्रेमची हँडलखालची पुढची नळी) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. स्टॅकला रीचने भागून १.५ च्या आसपास किंवा जास्त आलं तर बसणं बऱ्यापैकी सरळ, लांब पल्ल्याला योग्य. १.४ च्या जवळ असेल तर ती शर्यतीची सायकल. स्वस्त मिळाली तरी सोडा.

नुसता रीच ताडून बघणारेही फसतात. समजा दोन्ही फ्रेमचा रीच ३७५ मिमी आहे, पण एकीचा स्टॅक ५४० आणि दुसरीचा ५७०. पहिलीचं हँडल दुसरीइतकं वर आणायला ३० मिमी स्पेसर (हँडलखाली घालायच्या कड्या) लागतील. हेड ट्यूब तिरकी असल्यामुळे दर १० मिमी स्पेसरमागे रीच सुमारे ३ मिमी कमी होतो, म्हणजे पहिलीचा खरा रीच ३६६ च्या आसपास. कागदावर सारख्या दिसणाऱ्या दोन सायकलींत दुसरी जवळपास सेंटिमीटरभर लांब निघाली.

फ्रेम जराशी लांब वाटली तर स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा) १० मिमीने, फार तर २० ने आखूड करा. त्याहून जास्त लागत असेल तर लहान साईज घ्या. हँडल जवळ यावं म्हणून सीट पुढे ढकलणं साफ चूक आहे. त्यानं गुडघ्याची जागा बिघडते आणि दुखणं हातातून गुडघ्यात जातं.

गिअर: पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या, मागे ११ ते ३२ दातांच्या आठ, म्हणजे शिमानो कंपनीचा क्लॅरिस आठ स्पीड संच. पुरे. नागपूरभोवतीचा रस्ता बहुतेक सपाट आहे, आणि रामटेकच्या गडाचा चढही पुढे ३४, मागे ३२ वर निघतो. मागच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) मात्र चकत्यांसकट आट्यांवर फिरवून बसणारं फ्रीव्हील नको, कॅसेटचा (चकत्यांच्या सरकवून बसणाऱ्या संचाचा) फ्रीहब हवा. फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचं बेअरिंग आत असतं, ॲक्सलचा बराच भाग आधाराविना राहतो आणि तो वाकतो.

टायर किमान २८ मिमी, फ्रेममध्ये ३२ ची जागा असेल तर उत्तम. शहरातल्या सिमेंट रस्त्यांचे जोड २३ च्या टायरवर मणक्यापर्यंत जाणवतात. सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये पुढे ७० आणि मागे ७५ ते ८० पीएसआय हवा ठीक. शहराबाहेर बाभळीचे काटे आहेतच. ट्यूब बदलणं आधी घरी शिकून घ्या.

सेकंड हँड घेत असाल तर स्टीलची पट्टी सोबत न्या. चेनच्या एका पिनच्या मध्यापासून १२ इंचांवर बरोबर पिनचाच मध्य यायला हवा. १/१६ इंच पुढे गेला तर चेन बदलायची, १/८ गेला तर बहुधा कॅसेटही, आणि तेवढी किंमत कमी करून मागा. सीटपोस्ट (सीटची दांडी) सैल करून हलवून बघा. जाम असेल तर सौदा सोडा. रिम ब्रेक असेल तर रिमच्या कडेवरून बोट फिरवा. खोलगट लागली तर रिम झिजली आहे. हेड ट्यूबजवळचं वेल्डिंग ओल्या कपड्यानं पुसून उजेडात पाहा, रंगातली केसासारखी रेघ म्हणजे तडा असू शकतो. बॉटम ब्रॅकेटखालचा फ्रेम नंबर बिलाशी जुळवा. स्टेमखाली एकही स्पेसर नसेल आणि स्टीअरर (हेड ट्यूबमधून वर येणारी फोर्कची नळी) कापलेला असेल तर ते हँडल पुढे स्पेसर घालून वर आणता येणार नाही.

नवी सायकल पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर दुकानात परत न्या. तोवर केबल बसतात, आरे सैल होतात. गिअर जुळवून आणि चाक ट्रू (सरळ) करून घ्या. २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, तिच्यासाठी नाव त्यानंतर नोंदवा.