खान्देशच्या उन्हाळ्यात शिह त्झूचे केस कसे सांभाळावेत

एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर गेला की लांब केसांच्या कुत्र्याकडे बघून वाटतं, याचा गोटाच करून टाकावा. कृपा करून करू नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतं. केस पार काढले तर उघड्या कातडीला ऊन थेट भाजतं. खरा जाच असतो तो गुंत्याचा. गुंता झाला की आत हवा जात नाही, ओल आणि धूळ अडकते आणि खाली कातडी लाल होते.

शिह त्झू, ल्हासा ॲप्सो, माल्टीज यांचे केस वाढतच राहतात आणि गळालेले केस बाकीच्यांत अडकून बसतात. म्हणून विंचरणं रोजचं.

पिन ब्रश आणि स्टीलची फणी एवढं पुरे. कोरडे केस तुटतात, तेव्हा आधी पाण्याचा हलका फवारा मारा. मग आई मुलीचा भांग पाडते तसे केस दुभागा, कातडी दिसू द्या आणि मुळापासून टोकाकडे विंचरा. एक थर झाला की पुढचा. वरवर ब्रश फिरवला तर कुत्रं चकाचक दिसतं आणि गुंता आत तसाच राहतो. शेवटी फणी घालून बघा. अडकली तर काम बाकी आहे. कानामागे, काखेत, जांघेत आणि पट्ट्याखाली हमखास अडकते.

गुंत्यावर थोडं कॉर्नफ्लोअर चोळा, तो मुळाशी चिमटीत घट्ट धरा म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून सोडवत या. कात्री लागलीच, तर गुंता आणि कातडी यांच्यामध्ये फणी सरकवून फणीच्या वरूनच कापा.

हे सगळं आंघोळीच्या आधी, कारण भिजलेला गुंता आणखी आवळतो. आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा, कोमट पाण्याने, कुत्र्यांचाच शाम्पू पातळ करून. बोअरचं पाणी जड असेल तर शाम्पू सहज निघत नाही. शेवटचे दोन-तीन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घाला. टॉवेलने रगडू नका, दाबून टिपा. ड्रायर अगदी कमी गरम ठेवून, विंचरत विंचरत मुळापर्यंत वाळवा.

उन्हाळ्यात कापायचेच तर इंचभर ठेवा. पोमेरेनियनला मात्र मशीन नकोच: त्याच्या केसांचे दोन थर असतात आणि एकदा भादरले की ते पूर्वीसारखे येतीलच असं नाही. डोळ्यांसमोरचे आणि पंजाच्या गाद्यांमधले केस तेवढे छाटत राहा.

शेतातून, बांधावरून फिरून आलं की बोटांच्या बेचक्यात आणि कानात गोखरू, कुसळं शोधा. कुसळ कातडीत शिरून आत सरकतं. कुत्रं एकच पंजा चाटत बसलं किंवा सारखं डोकं झटकू लागलं तर डॉक्टरांना दाखवा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल लावू नका. आणि गोठ्यातल्या गुरांसाठी आणलेलं गोचिडाचं औषध या पाच-सहा किलोच्या जिवावर कधीही ओतू नका. गोचीड निघाल्यानंतरच्या दिवसांत ते मलूल झालं, खाणं सोडलं, अंग तापलं किंवा लघवी गडद झाली तर वाट न बघता रक्त तपासून घ्या.