गोळीनेच दुखणारं डोकं

माझ्या उशीखाली गोळ्यांची पट्टी असायची. पहाटे कपाळ ठणकलं की अंधारातच चाचपून एक गोळी फोडायची. चार-पाच तास बरं, मग पुन्हा तेच.

तुमचंही असंच होत असेल तर आधी कॅलेंडर घ्या. डोकं दुखलं त्या दिवशी फुली, गोळी घेतली त्या दिवशी गोल. माझ्या एका महिन्यात २२ गोल निघाले! साधी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन महिन्यातून १५ दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनवरच्या खास गोळ्या) किंवा कॅफीन घातलेल्या मिश्र गोळ्या १० दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की औषधच दुखणं टिकवून धरू शकतं. मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत.

ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरकडे जा. साध्या गोळ्या आणि ट्रिप्टान बहुधा एकदम थांबवता येतात. कोडीन, ट्रामाडॉलसारख्या अफूच्या जातीतल्या वेदनाशामक गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, त्या डॉक्टरच हळूहळू उतरवतात. मूळ दुखणं मायग्रेनचं असेल तर रोजचं प्रतिबंधक औषधही मिळू शकतं.

थांबवल्यावर दोन ते दहा दिवस वाईट जातात. मळमळ, चिडचिड, झोप नाही. मी चौथ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात पट्टी शोधत होते, खोटं कशाला सांगू! म्हणून तो आठवडा कामाचा नको.

आता आठवड्यातून जास्तीत जास्त दोन दिवस गोळी.

अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, ताप येऊन मान आखडली किंवा बोलणं अडखळलं, तर मात्र थेट इस्पितळ गाठा.