संशोधन पद्धतीचा सक्तीचा पेपर बदलताना

पदवीच्या वर्गातल्या बहुतेकांना इतिहासकार व्हायचं नसतं, क्रेडिट हवे असतात. तरीही अभ्यासक्रम सुधारायला बसलं की आपण नुसती भर घालत सुटतो: एक घटक मौखिक इतिहासाचा, एक डिजिटल साधनांचा, आणि जुन्यातलं काही काढायचं नाही. काढताना जीव तुटतो, मान्य. पण तासिका वाढत नाहीत.

मला गोत्यात आणलं ते शेवटच्या ‘डिजिटल’ घटकाने. तो शेवटी ठेवूच नका! मुलं पहिल्या दिवसापासून शोधखिडकीतूनच साधनं गाठतात. तुम्ही बहिरंग परीक्षण (साधन अस्सल आहे का) आणि अंतरंग परीक्षण (त्यातला मजकूर कितपत विश्वासार्ह) इथपर्यंत पोहोचता तोवर त्यांचे निष्कर्ष तयार असतात. समजा, एकाने १९१६ची इंग्रजी वर्तमानपत्रं उघडली, ‘फर्स्ट वर्ल्ड वॉर’ टाकलं आणि हाती काही लागलं नाही. तो बिनदिक्कत लिहितो की वृत्तपत्रांनी युद्धाची फारशी दखल घेतली नाही. अरे, दुसरं व्हायच्या आधी पहिल्याला पहिलं कोण म्हणणार? ते तेव्हा ‘ग्रेट वॉर’ होतं, किंवा नुसतंच ‘वॉर’.

शब्द बरोबर निवडला तरी सुटका नाही. स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरं ओसीआर हे सॉफ्टवेअर ओळखतं आणि चुकतं. अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईतला लांब ‘एस’ त्याला ‘एफ’ वाटतो. शब्द ओळीच्या टोकाला तुटला, शेजारचे रकाने मिसळले, शाई फुटली, की तो शोधात येत नाही. आणि जे अंक स्कॅनच झाले नाहीत त्यांचं काय? ‘सापडलं नाही’ म्हणजे ‘नव्हतं’ नव्हे, हे व्याख्यानात सांगून कुणाला पटत नाही.

म्हणून पहिलाच स्वाध्याय असा द्या: एकाच आठवड्याचे अंक आधी शोधखिडकीतून पाहायचे, मग पानन् पान चाळायचे आणि काय निसटलं ते लिहायचं. कोणते शब्द टाकले, कुठल्या संग्रहात, कुठल्या तारखांमध्ये, या नोंदींना गुण ठेवा. मुलं कंटाळतील, कुरकुरतील. घाबरू नका, दुसऱ्या स्वाध्यायापर्यंत बरीचशी वळणावर येतात.

जुनं सगळं टाकाऊ नाही. इटालियन विद्वान लोरेन्झो व्हाल्लाने १४४० मध्ये कॉन्स्टंटाइनचं दानपत्र, म्हणजे या रोमन सम्राटाने पोपला सत्ता बहाल केल्याचा दस्तऐवज, त्यातल्या लॅटिनवरून बनावट ठरवलं, तो तास मी कधीही काढणार नाही. त्याला जोडून १९८३मध्ये उजेडात आलेल्या हिटलरच्या बनावट डायऱ्या घ्या. तिथे हस्ताक्षर पडताळायला दिलेल्या नमुन्यांतही त्याच बनावटकाराचे कागद होते. चॅटबॉटने दिलेली संदर्भसूची त्याच चॅटबॉटकडून तपासून घेणाऱ्याला एवढं उदाहरण पुरतं. न लिहिली गेलेली पुस्तकंही चॅटबॉट खुशाल सुचवतो. बंदी घालून मोकळे होणारे आणि त्याला डोक्यावर घेणारे, माझ्या मते दोघेही कामचुकार.

ज्येष्ठांकडून तयार आराखडा मागू नका. ज्यांनी कित्येक वर्षांत मुलांची कच्ची टिपणं पाहिलेली नाहीत, ते घटकांची नावं तेवढी झकास देतात. त्यापेक्षा ग्रंथपालांना विचारा; मुलं कुठे अडतात ते त्यांना रोज दिसतं.

आणि मसुदा अभ्यास मंडळाकडे पाठवण्याआधी पहिला स्वाध्याय स्वतः करून बघा, तोही विद्यार्थ्याच्या लॉगिनवरून. प्राध्यापकांना उघडणारे काही संग्रह मुलांना उघडतच नाहीत.