वर्गाच्या पुढे धावणारं मूल : घरानं आणि शाळेनं काय करावं

तिसरीतला एक मुलगा वर्गात मध्येमध्ये उत्तरं ओरडतो म्हणून त्याला माझ्याकडे ऑफिसात पाठवलं होतं. मी मस्टर भरत होते. तो भिंतीवरचा शालेय पोषण आहाराचा तक्ता वाचत बसला. पाचेक मिनिटांनी म्हणाला, "बाई, आज हजर एकशे अठरा. एका मुलाला शंभर ग्रॅम. म्हणजे अकरा किलो आठशे ग्रॅम तांदूळ झाला. मावशींनी बारा किलो काढला. दोनशे ग्रॅम कुठं गेला?"

त्याच्या वर्गात तेव्हा हातच्याची बेरीज चालली होती.

एकवीस वर्षांच्या नोकरीत अशी मुलं मला मोजून सहा-सात भेटली. त्यांचे आईवडील दर वेळी एकच विचारतात, आता आणखी काय करू? आणखी कोणता क्लास, आणखी कोणती परीक्षा? माझं मत वेगळं आहे. या मुलांना जास्तीचं काम नको असतं, मापाचं हवं असतं. आणि आठ वर्षांचं मूल आठ वर्षांचंच आहे, हे घरातल्या कोणीतरी लक्षात ठेवायला हवं असतं. पुढे जे लिहिते आहे ते साधारण कोणत्या क्रमानं करावं, याचा माझा अनुभव.

पायरी १ : महिनाभर वहीत लिहा

पहिला नंबर काढणारं मूल आणि हे मूल एकच असतं असं नाही. पहिला नंबर काढणारं मूल विचारलेलं उत्तर देतं. हे मूल प्रश्नच चुकीचा आहे असं सांगतं, आणि दुसऱ्या दिवशी वही आणायला विसरतं. म्हणून मार्कांवर जाऊ नका. एक शंभर पानी वही घ्या आणि महिनाभर तारीख टाकून टिपा: काय विचारलं, कशात तासभर रमलं, कशाला कंटाळलं, कशावरून रडलं. "फार हुशार आहे" असं लिहायचं नाही. घडलं ते लिहायचं. "एसटीत बसल्यावर कंडक्टरच्या तिकिटांवरून आज किती पैसे जमले याचा हिशोब करत होती", असं.

काही मुलं सहज नजरेतून सुटतात. पाचवी-सहावीनंतर मुली उत्तर येत असूनही हात वर करेनाशा होतात, कारण "शहाणी" हा शब्द आपल्याकडे मुलीला शिवीसारखा वापरतात. ज्यांच्या घरात शाळा पाहणारी ही पहिलीच पिढी आहे, त्यांच्या बोलण्यात पुस्तकी शब्द नसतात, म्हणून त्यांची समज दिसत नाही. आणि काही मुलांना अध्ययन अक्षमता असते: तोंडी विचारलं तर थक्क करतील, लिहायला दिलं तर अर्धं पान कोरं. अशा मुलाची बुद्धी त्याची अडचण झाकते आणि अडचण बुद्धी झाकते. शिक्षकांच्या खात्यावर ते "मध्यम" म्हणून जमा होतं.

पायरी २ : चाचणी हवी का ते ठरवा

काही ठरवायचं असेल तरच चाचणी करा. वर्ग ओलांडायचा आहे, वेगळ्या शाळेत घालायचं आहे, किंवा अध्ययन अक्षमतेची शंका आहे. नातेवाइकांना आकडा सांगायला करू नका. मोबाइलवरच्या चाचण्या तर करूच नका. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञानं समोर बसवून घेतलेली चाचणीच धरावी. बिने-कामत ही चाचणी १९३४ साली मराठी आणि कन्नड मुलांसाठीच बेतली गेली, तिचं नाव अजूनही ऐकू येतं. बहुतेक चाचण्यांत १०० ही सरासरी असते आणि १३०च्या वर साधारण शंभरातली दोन मुलं येतात.

पण आकड्याला किती मानायचं? अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातली हजारावर बुद्धिमान मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर अभ्यास चालवला. त्या निवडीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं बसली नाहीत. पुढे दोघांनाही पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, एकाला १९५६ मध्ये, दुसऱ्याला १९६८ मध्ये. तेव्हा आकडा चांगला आला तर वापरा, नाही आला तर वही बंद करू नका.

मुलाला काय सांगायचं? मी एवढंच सांगते, "तुला काही गोष्टी लवकर कळतात. काही गोष्टींना तुलाही इतरांइतकाच वेळ लागेल." आकडा सांगत नाही.

पायरी ३ : शाळेत जा, पण एकच मागणं घेऊन

इथं बहुतेक घरांचं गणित बिघडतं. आई दारात येऊन म्हणते, "त्याला वर्गात बोअर होतं." शिक्षकाला ते "तुम्ही कंटाळवाणं शिकवता" असं ऐकू येतं. मलाही तसंच ऐकू आलेलं आहे, खोटं कशाला सांगू. साठ मुलांचा वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती भरायची, वरून ही तक्रार!

त्यापेक्षा शाळा सुटल्यावर वेळ मागून घ्या. वही बरोबर न्या. म्हणा, "बाई, घरी हा असं असं करतो. वर्गात तुम्हाला काय दिसतं?" आधी त्यांचं ऐकून घ्या. मग एकच गोष्ट मागा, आणि ती सहा आठवड्यांपुरती. या मागण्या साध्या शाळेतही जमतात:

धडा सुरू होण्याआधीच त्या धड्याची चाचणी द्यायची. येत असेल तर त्या तासांना मागच्या बाकावर बसून स्वतःचं काम करायचं. कोणतं काम ते आधी ठरलेलं हवं, नाहीतर तो खिडकीवर चढून बसतो. किंवा फक्त गणिताच्या तासाला वरच्या वर्गात जाऊन बसायचं. आमच्याकडे तिसरी आणि पाचवी शेजारी होती, मधलं दार उघडलं आणि काम झालं. यासाठी कोणाचा आदेश लागला नाही. तरीही कोणी "असं कुठं असतं का" म्हणालं, तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष क्षमता असलेल्या मुलांना शिक्षकांनी जास्तीचं, पूरक साहित्य आणि मार्गदर्शन द्यावं असं म्हटलेलं आहे, ते नम्रपणे दाखवा.

दोन गोष्टींना मात्र नाही म्हणा. दहा गणितं लवकर सोडवली म्हणून तसलीच आणखी वीस देणं ही शिक्षा आहे. मूल आठवड्यात हळू सोडवायला शिकतं. आणि रोज "तुझं झालं ना, आता त्या चौघांना शिकव" हेही नको. कधीतरी ठीक. रोज केलं तर ते चौघं मधल्या सुट्टीत हिशोब चुकता करतात.

पूर्ण वर्ग ओलांडायचा का? मी एकदा हो म्हटलं, दोनदा नाही. बुद्धी पुढे असतेच, पण लिहिण्याचा वेग, अंगापिंडानं मोठ्या मुलांत कबड्डीत टिकणं आणि मुलाची स्वतःची इच्छा हे तिन्ही पाहावं लागतं. यातलं एक जरी नसेल तर एका विषयापुरतं वर जाणं बरं.

पायरी ४ : खुराक शोधा

महाराष्ट्रात जागा आहेत. पुण्यातल्या ज्ञान प्रबोधिनीची स्थापना १९६२ची, प्रशाला १९६९ची. तिथं पाचवीसाठी बुद्धिमापनावर आधारित प्रवेश परीक्षा असते. पुण्यातच आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आयुका सगळ्यांना खुली असते. सहल काढायची तर त्या दिवशी काढा. गणितवेड्या मुलांसाठी भास्कराचार्य प्रतिष्ठान. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र देशभरातल्या ऑलिंपियाडचं, म्हणजे गणित-विज्ञानाच्या स्पर्धांचं, काम पाहतं. गणिताच्या ऑलिंपियाडची पहिली पायरी आठवीपासून देता येते. सहावी आणि नववीसाठी मुंबईच्या विज्ञान शिक्षकांनी १९८१ पासून चालवलेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, तिच्यात लेखी परीक्षेच्या पुढे प्रात्यक्षिक आणि प्रकल्पही असतो. मला ती त्यासाठीच आवडते.

पैशाची ओढाताण असेल तर दोन वाटा नक्की पाहा. जवाहर नवोदय विद्यालयात निवासी शिक्षण मिळतं, प्रवेश सहावीला, परीक्षा पाचवीत असताना मराठीतूनही देता येते आणि निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. परीक्षेला एकदाच बसता येतं, तेव्हा पाचवीच्या सुरुवातीलाच तारखेवर डोळा ठेवा. दुसरी एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती: आठवीत परीक्षा, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या निवडलेल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये.

पण परीक्षा हाच खुराक समजू नका. एका मुलीला मी तीन स्पर्धांना बसवलं आणि तिचं विज्ञान संपवलं. चौथ्या वर्षी ती प्रश्न विचारायचीच थांबली. तिला परत आणलं ते आमच्या गावातल्या पंप दुरुस्त करणाऱ्या काकांनी. शनिवारी दुपारी त्यांच्या टपरीत बसून ती मोटार भरायला, म्हणजे तिच्यात तारेचे वेढे नव्यानं घालायला, शिकली. तारेचे वेढे कमी पडले तर काय होतं, हे तिनं त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं नाही, एक जुनी मोटार तिच्यापुढे ठेवली. गवंडी, परिचारिका, पखवाजवाले बुवा, मधमाश्या पाळणारा शेतकरी: काम मनापासून येणारा आणि प्रश्नांनी न वैतागणारा एक माणूस शोधा.

पायरी ५ : हरायला शिकवा

बुद्धी बारा वर्षांची, राग पाच वर्षांचा, आणि मूल आठ वर्षांचं. हे तिन्ही एकाच वेळी घरात वावरतं. कृष्णविवरावर बोलणारा मुलगा कॅरमची राणी गेली म्हणून पावडरचा डबा फेकतो. "एवढा हुशार आणि असा काय वागतोस?" हे वाक्य तेवढं बंद करा. हुशारीचा आणि रागाचा काही संबंध नाही.

कौतुक कशाचं करता ते पाहा. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. कोडी सुटल्यावर काही मुलांना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू छान मेहनत घेतलीस". पुढचं काम निवडताना पहिल्या गटातली बरीच मुलं सोप्याकडे वळली आणि अपयश आल्यावर त्यांची कामगिरीही खाली आली. आपल्याकडे तर हुशारीचा गजर उठल्यापासून झोपेपर्यंत चालतो.

माझा उपाय गावठी आहे. ज्यात मूल मठ्ठ आहे असं काहीतरी त्याला शिकायला लावा. पोहणं, लेझीम, पोळी लाटणं, काहीही. सगळ्यांत शेवटी येण्याची सवय लहानपणीच लागलेली बरी. अकरावीत पहिल्यांदा लागली तर फार दुखते.

पायरी ६ : एक मित्र पुरे

वर्गातले सगळे मित्र झाले पाहिजेत असा हट्ट सोडा. एक पुरतो, आणि तो त्याच वयाचा असायला हवा असंही नाही. बुद्धिबळाच्या वर्गात, किल्ल्यांवर जाणाऱ्या गटात, ग्रंथालयात चौदा वर्षांच्या मुलाशी नऊ वर्षांच्याचं जमतं. एक मात्र घरी मुद्दाम शिकवा: समोरचा चुकला की लगेच दुरुस्त करायचं नसतं. आम्ही याचा खेळ केला होता. घरी कोणीतरी मुद्दाम चुकीचं बोलायचं आणि पोरानं मनात दहा मोजून "हो का?" म्हणायचं. पहिल्या दिवशी तो तीनपर्यंत पोचला.

पायरी ७ : घराचीही काळजी घ्या

पाहुणे आले की "पंचवीसचा पाढा उलटा म्हणून दाखव" हे थांबवायला सासूबाईंशी बोलावं लागतं. अवघड असतं, पण बोला. "आई, त्याला माकडासारखं वाटतं" असं नका म्हणू. "आई, पाढ्यापेक्षा तुमच्या लहानपणीची गोष्ट त्याला सांगा, तो रात्री मला विचारत बसतो" असं म्हणा. आजीला काम मिळतं.

दुसरं भावंड असेल तर त्याच्या वाट्याचा तास ठरवून ठेवा आणि त्या तासात थोरल्याचं नाव निघू देऊ नका. वडिलांनी "माझं राहिलं ते तू कर" हे मनातच ठेवावं.

आईवडिलांचं एकटेपण हा न बोलला जाणारा भाग आहे. मूल रात्री दोनला उठून "सूर्य विझल्यावर आपलं काय" म्हणून रडतं, हे शेजारणीला सांगावं तर तिला वाटतं ही मिरवते आहे. अशी तीन-चार घरं शोधून महिन्यातून एकदा चहाला भेटा. मुलं एकमेकांत रमतील आणि तुम्हाला मोकळं बोलता येईल. शाळेच्या सकाळी रोज पोट दुखणं, झोप उडणं, आवडती गोष्टही नकोशी होणं असं दोन-तीन आठवडे चाललं तर "हुशार मुलं अशीच असतात" म्हणून सोडू नका. समुपदेशकाकडे जा, जवळ कोणी नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी, मोफत क्रमांक आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

तर त्या दोनशे ग्रॅमचं. मी त्याला मावशींकडेच पाठवलं. त्या म्हणाल्या, "भांड्याला लागतो रे बाळा, तेवढा धरायलाच लागतो." त्याला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मावशींनी पातेल्याची खरवड काढली आणि काट्यावर ठेवली. दोनशे ऐंशी ग्रॅम भरली. तो काट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण हा शिजलेला भात आहे. यात पाणी किती?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याला खरवड उन्हात वाळत घालायला जुनं ताट दिलं.